हातचं सोडून पळत्याच्या पाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सिडनीच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा २८ वर्षांचा, सरकारी हायस्कूलमध्ये गणित आणि पीई शिकवतो. सहा वर्षं झाली, नोकरी कायम आहे. संध्याकाळी आणि शनिवारी तो रग्बी लीगच्या ज्युनिअर संघांना शिकवतो. गेले दोन हंगाम एका क्लबच्या १९ वर्षांखालच्या संघाचा असिस्टंट कोच आहे. आता क्वीन्सलंडच्या उत्तरेकडच्या एका क्लबने त्याला पूर्णवेळ असिस्टंट म्हणून बोलावलंय. कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं, दुसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर, पगार शाळेपेक्षा बराच कमी. वडील १९९८ मध्ये पुण्याहून आले. इंजिनिअर असूनही पहिली पाच वर्षं त्यांनी गोदामात रात्रपाळी केली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोयस," एवढं एकच वाक्य ते बोलले आणि तेव्हापासून, महिना होत आला, मुलाशी बोलणं टाकलंय.

आई लिहितात: "सोळाव्या वर्षी गुडघा गेला आणि त्याचं खेळणं थांबलं. मोठ्या पातळीवर तो कधी खेळलाच नाही. अख्ख्या स्पर्धेत सतरा हेड कोच, त्यातल्याही कुणाला ना कुणाला सतत काढून टाकतात. आपल्या माणसांपैकी तिथं कुणी नाही. त्याच्यासाठी स्थळं बघतोय, त्या लोकांना काय सांगू? मी त्याला नको म्हणू का? एवढं काय आहे त्यात, असं विचारलं तर म्हणाला, 'आई, मला सोमवार आवडतो.' मला काही कळलंच नाही."

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार पानं आहेत. त्यात तुमच्या यजमानांची रात्रपाळी आहे, नणंदेचे टोमणे आहेत, मुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पण मुलाचं स्वतःचं बोलणं शोधलं तर एकच वाक्य सापडलं, ते सोमवारचं. मी तिथंच अडकले. त्याच्याकडे येते, पण आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू. ती भीती खोटी नाही, आणि ती झटकून टाका असं मी सांगणार नाही.

पगाराचा प्रश्न विचारताना तुम्ही माझी माफी मागितलीय. "त्याच्या स्वप्नात मी पैशाचं काढतेय," असं लिहिलंय. ताई, माफी कसली? हा खेळ जन्मालाच पगाराच्या भांडणातून आला. इंग्लंडच्या उत्तरेकडे खाणीत आणि गिरण्यांत राबणारी माणसं शनिवारी रग्बी खेळायची. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं, सामन्याला गेलं की तेवढी मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. दक्षिणेतल्या सुस्थितीतल्या मंडळींनी ठरवलं की खेळाडूने पैसे घ्यायचेच नाहीत. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच आजची रग्बी लीग. सिडनीत तिची स्पर्धा १९०८ पासून चालू आहे, आणि तिथंही जखमी होऊन काम बुडालेल्या खेळाडूंची भरपाई कोण देणार, हाच वाद होता. तेव्हा "यात पोट भरेल का?" हा प्रश्न त्या खेळाच्या रक्तातला आहे. तुमच्या मुलाने तो क्लबला विचारलाच पाहिजे. कसा विचारायचा, ते पुढे सांगते.

(भारतातल्या नातेवाइकांना सांगताना एक फरक सांगा, नाहीतर गोंधळ होतो. राहुल बोस देशासाठी ज्यात खेळला तो रग्बी युनियन, पंधरा जणांचा. हा तेरा जणांचा खेळ वेगळा आहे. कबड्डी बघितलेल्या माणसाला तो लवकर समजतो. चढाईवाल्याला साखळी करून पकडतात तसं इथं चेंडूवाल्याला पकडतात, आणि एका संघाला अशा सहा पकडी मिळतात. सहावी झाली की चेंडू दुसऱ्याला. म्हणून सहाव्या पकडीच्या आधी बहुतेक वेळा चेंडू लाथेने पुढे मारतात.)

सतरा खुर्च्या

तुमचा आकडा बरोबर आहे. एनआरएल ही तिकडची रग्बी लीगची सगळ्यात वरची स्पर्धा, तिच्यात सध्या सतरा संघ आहेत. २०२७ मध्ये पर्थचा आणि २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा येणार आहे. म्हणजे उद्या एकोणीस खुर्च्या. पण मला विचारायचंय, तुमचा मुलगा त्यातल्या एका खुर्चीसाठी निघालाय हे कुणी ठरवलं? त्याने की आपण?

आपल्याकडे कुणी गाणं शिकायला लागलं की आपण लगेच सवाई गंधर्वचा मंच डोळ्यासमोर आणतो, आणि तिथं पोचणारे किती, म्हणून घाबरतो. पण गाण्यावर घर चालवणारी बहुतेक माणसं त्या मंचावर कधी गेलेली नसतात. इथंही तसंच आहे. सिडनीत १७ वर्षांखालच्यांचा हॅरोल्ड मॅथ्यूज कप आहे, १९ खालच्यांचा एस. जी. बॉल कप, २१ खालच्यांचा जर्सी फ्लेग. वर न्यू साउथ वेल्स कप, तिकडे क्वीन्सलंड कप. मुलींची राष्ट्रीय स्पर्धा २०१८ मध्ये चार संघांनी सुरू झाली, २०२५ मध्ये बारा झाले. इंग्लंडची सुपर लीग २०२६ पासून चौदा संघांची आहे. आणि प्रत्येक मोठ्या संघात एक हेड कोच असतो तसे दोन-तीन असिस्टंट असतात, कुणी फक्त बचाव बघतो, कुणी फक्त व्हिडिओ कापतो, कुणी वयात येणाऱ्या पोरांचं बघतो. या पायऱ्यांवर पगार पुष्कळ ठिकाणी बेताचाच, काही ठिकाणी नुसता पेट्रोलखर्च. ते खरंच आहे.

म्हणून मुलाला हा प्रश्न विचारा, आणि उत्तरासाठी त्याला आठवडाभर वेळ द्या: "पंचेचाळिसाव्या वर्षी तू हेड कोच झाला नसशील, कुठल्यातरी गावात एकोणीस वर्षांच्या पोरांना बचाव शिकवत असशील, तर तुला चालेल का?" त्याचं उत्तर "हो" असेल तर तुमच्या निम्म्या काळजीचा पायाच निघून जातो. आणि "नाही, मला ती खुर्चीच हवी" असं असेल तर मात्र मलाही तुमच्यासारखीच काळजी वाटेल.

"तो खेळलाच नाही"

याचं उत्तर द्यायला मला सिडनीतसुद्धा जावं लागत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला तेव्हा त्यांचा कोच होता अमोल मुझुमदार. मुंबईसाठी धावांचे डोंगर रचले, पण भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. ज्याला ती टोपी कधी मिळाली नाही, त्याने ती घालणाऱ्यांना विश्वविजेतं केलं. रमाकांत आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरी करायचे, प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद म्हणून ज्यांच्या पाया पडतात, ते सगळे काही हिंद केसरी नसतात.

रग्बी लीगमध्येही असं माणूस आहे. इंग्लंडच्या विगन क्लबचा मॅट पीट व्यावसायिक पातळीवर कधीच खेळला नाही. पोरांना शिकवत शिकवत क्लबच्या अकादमीतून वर आला, २०२२ मध्ये हेड कोच झाला, आणि २०२४ च्या एका वर्षात विगनने मिळण्यासारख्या चारही ट्रॉफ्या घेतल्या. त्यातली पहिली पेनरिथला, म्हणजे तुमच्या पश्चिम सिडनीच्याच चॅम्पियन संघाला हरवून.

पण अर्धंच सांगितलं तर ते तुमची समजूत काढण्यासारखं होईल. एनआरएलचे बहुतेक हेड कोच माजी खेळाडूच आहेत. जो खेळलाय त्याला ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवशी विश्वास फुकट मिळतो. तुमच्या मुलाला तो कमवावा लागेल, आणि आपल्यासारख्या नावाच्या, आपल्यासारख्या रंगाच्या माणसाला कदाचित दुप्पट वेळ लागेल. पण गेली सहा वर्षं तो नववीच्या मुलांना गणित शिकवतोय. ज्यांना शिकायचंच नाहीये अशा तीस पोरांसमोर रोज उभं राहणं ही काही लहानसहान तयारी नाही. वेन बेनेट, ज्याच्या नावावर सात विजेतेपदं आहेत, तो आधी क्वीन्सलंड पोलिसात होता, पोलीस अकादमीत नव्या पोरांना कवायत द्यायचा.

काढून टाकणं

इथं जरा थांबते, कारण तुमची सगळ्यात मोठी भीती ही आहे आणि ती खरी आहे.

तुमच्या घराजवळचंच उदाहरण घेऊ. पॅरामाटाने शेवटचं विजेतेपद १९८६ मध्ये जिंकलं. ब्रॅड आर्थर तिथं दहा वर्षं हेड कोच होता. २०२२ मध्ये त्याने संघाला ग्रँड फायनलपर्यंत नेलं. मे २०२४ मध्ये, हंगाम अर्धाही झाला नव्हता, त्याला काढलं. दोन महिन्यांत तो इंग्लंडला, लीड्सचा कोच म्हणून. अँथनी सायबोल्ड २०१८ चा सर्वोत्तम कोच ठरला, ब्रिस्बेनने त्याला पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, दुसरा हंगाम पूर्ण व्हायच्या आत तो बाहेर होता. मायकल मॅग्वायरने २०१४ मध्ये साउथ सिडनीला ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं, तीन वर्षांनी त्याला काढलं. पुढच्या क्लबनेही काढलं. २०२५ मध्ये त्याच माणसाने ब्रिस्बेनला चॅम्पियन केलं.

आणि आयव्हन क्लिअरी. त्याची गोष्ट तुमच्या यजमानांना नक्की सांगा, कारण ती बापलेकाची आहे. २०१५ मध्ये पेनरिथने त्याला काढलं. त्याचा मुलगा नेथन तेव्हा त्याच क्लबच्या ज्युनिअर संघांत खेळत होता. बापाची नोकरी गेली, मुलगा तिथंच राहिला आणि पुढच्याच वर्षी पेनरिथकडून पहिला सामना खेळला. त्या घरात त्या वर्षी रात्री जेवताना काय बोलणं होत असेल, याचा मी अनेकदा विचार करते. २०१९ मध्ये बाप त्याच क्लबमध्ये परत आला. २०२१ ते २०२४, सलग चार विजेतेपदं. बाप कोच, मुलगा हाफबॅक, म्हणजे मैदानावर संघाची चाल ठरवणारा.

हे सांगायचं कारण असं नाही की "बघा, शेवटी सगळ्यांचं चांगलं होतं." सगळ्यांचं होत नाही. क्रेग बेलामीसारखा माणूस २००३ पासून एकाच संघाचा कोच आहे, तसं भाग्य क्वचित. मला एवढंच म्हणायचंय की आपल्या घरात "नोकरीवरून काढलं" या शब्दांना जी लाज चिकटलेली आहे, ती या धंद्यात लावून चालत नाही. तिथं ती बदलीसारखी गोष्ट आहे. पोटाला चिमटा बसतोच, पण तोंड लपवावं लागत नाही.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. हेड कोचला काढतात तेव्हा बातमी होते, उरलेल्या कॉन्ट्रॅक्टबद्दल वाटाघाटी होतात, वकील असतात. असिस्टंटची बातमी होत नाही. नवा हेड कोच येतो, आपली माणसं घेऊन येतो, आणि जुना असिस्टंट एका शुक्रवारी आपला मग आणि लॅपटॉपची बॅग घेऊन घरी जातो. तुमचा मुलगा चांगलं काम करत असला तरी हे होऊ शकतं. त्याची तयारी आजच करायला हवी.

तर मग करायचं काय

राजीनामा लगेच देऊ नये. शाळेत आधी विचारावं की वर्षभराची बिनपगारी रजा मिळेल का, आणि मिळाली तर लेखी घ्यावी. पुष्कळ मुलं जोशात येऊन दार आपटून निघतात. दार नुसतं लोटून ठेवता येतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. रजा नाही मिळाली तरी गणित आणि पीईच्या शिक्षकाची पात्रता कुठे जात नाही. ज्या गावात तो चाललाय तिथल्या शाळांत आठवड्यातून एक-दोन दिवस बदली शिक्षक म्हणून काम मिळेल का, हेही बघावं. पण क्लब त्याला परवानगी देतो का, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये बघून.

कॉन्ट्रॅक्ट वकिलाला दाखवावं. खर्च होईल, पण तो वाचवू नका. चार गोष्टी मला त्यात बघायच्या आहेत. हेड कोच गेला तर माझ्या मुलाचं काय? नोटीस किती आठवड्यांची? दुसऱ्या वर्षाचं ठरवायचा हक्क एकट्या क्लबचा असेल, तर तो निर्णय कुठल्या तारखेपर्यंत कळवणार? (ही तारीख फार महत्त्वाची. नोव्हेंबरात कळवलं तर पुढच्या हंगामाच्या बहुतेक जागा तोवर भरून गेलेल्या असतात.) आणि सामान नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? क्लबला हे प्रश्न विचारल्याने वाईट वाटेल, असं तुम्हाला वाटत असेल. ज्या क्लबला वाईट वाटतं, तिथं जाऊच नये.

सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढून ठेवू द्या, त्याच्या स्वतःच्या बचतीतून. तुमचं घर तारण ठेवणं, तुमच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावणं, यातलं काहीही करू नका, तो म्हणाला तरी. इथं आईने ठाम राहावं. आधार देणं वेगळं, आणि म्हातारपण गहाण टाकणं वेगळं.

आणि दोन वर्षांनी सगळ्यांनी मिळून बसायचं, असं आजच ठरवा. त्या दिवशी संघ किती सामने जिंकला ते मोजू नका. ते त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. मोजायचं हे की दोन वर्षांत दुसऱ्या कुणा कोचचा त्याला फोन आला का. या धंद्यात जाहिरात वाचून क्वचितच काम मिळतं, सोबत काम केलेली माणसं बोलावतात. बेलामी ब्रिस्बेनला बेनेटच्या हाताखाली होता, तिथून मेलबर्नला गेला. फोन येत असेल तर तो योग्य रस्त्यावर आहे. दोन वर्षांत एकही आला नाही, तर शाळेचं दार लोटलेलंच आहे.

हे सगळं मी तुमच्यासाठी लिहितेय, पण कोल्हापूरहून, डोंबिवलीहून, अगदी न्यू जर्सीहूनही अशीच पत्रं येतात. कुणाचा मुलगा नाटकात, कुणाची मुलगी शेफ, कुणाला बॅडमिंटनची अकादमी काढायचीय. त्यांनाही हेच लागू आहे: परतीची वाट लेखी ठेवा, आई-बापाच्या पैशाची हद्द आधी आखा, आणि यश कशाने मोजायचं ते सुरुवातीलाच ठरवा.

एक प्रश्न मात्र खास या खेळाचा आहे, आणि तो तुम्ही आई म्हणून विचारावा असं मला मनापासून वाटतं. डोक्याला मार लागण्याचा. स्टीव्ह फोक्सने कोच म्हणून २००४ मध्ये बुलडॉग्जला जिंकवलं, पॉल ग्रीनने २०१५ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंडला. दोघंही आधी खेळाडू होते, दोघंही साठीच्या आत गेले, आणि मृत्यूनंतर दोघांच्याही मेंदूत सीटीई सापडला, म्हणजे डोक्याला पुन्हा पुन्हा धक्के बसून होणारा आजार. आता एनआरएलमध्ये मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला साधारणपणे किमान ११ दिवस बाहेर ठेवतात. नियम आहेत, पण खालच्या स्पर्धांत सगळीकडे कॅमेरे आणि डॉक्टरांची फौज नसते. तिथं एखादा पोरगा उठून उभा राहतो, "मी ठीक आहे" म्हणतो, दहा मिनिटं उरलेली असतात, संघ दोन गुणांनी मागे असतो. तेव्हा त्याला बाहेर काढणारा कोच हवा. मुलाला विचारा: "तू काढशील? सगळ्यात चांगला खेळाडू असला तरी? नोकरी पणाला लागली असली तरी?" त्याच्या पगारापेक्षा मला या उत्तराची जास्त काळजी आहे. कारण त्या पोरालाही कुठेतरी आई आहे.

स्थळं

"मुलगा शिक्षक आहे" असं सांगून बाकीचं नंतर बघू, असा विचार तुमच्या पत्रात ओझरता आलाय. तसं करू नका. ही नोकरी एकट्याची नसते. गाव बदलतं, शनिवार-रविवार जातात, हंगाम चालू असताना सणवारही जातात. गणपती ऐन निर्णायक सामन्यांच्या दिवसांत येतात. जी मुलगी हे ऐकून "मग मी माझं काम त्या गावात कसं करू?" असं विचारेल, तिच्याशी बोलणं पुढे न्यावं. ती व्यवहाराचं विचारतेय, म्हणजे ती खरंच विचार करतेय. आणि जे स्थळ ऐकूनच मागे फिरेल ते फिरू द्या. पुढे घर मोडण्यापेक्षा आज चहाच्या कपावर थांबलेलं बरं.

आणि सोमवार

मी स्वतः सिडनीत बरीच वर्षं राहिले. माझा भाचा दहाव्या वर्षी रग्बी लीग खेळायचा. जुलैतली सकाळ, मैदानावर दव, डब्यात कापून आणलेल्या संत्र्याच्या फोडी. त्या दिवशी त्याच्या हातून तीनदा चेंडू सुटला आणि तिसऱ्यांदा समोरच्यांनी धाव घेतली. पोरगा रडवेला झाला. त्याचा कोच इलेक्ट्रिशियन होता, कामाचेच बूट घालून यायचा. तो त्या दिवशी काहीच बोलला नाही. मंगळवारी सरावाला आला तो बादलीभर पाणी घेऊन. त्यात टेनिसचे चेंडू बुडवलेले. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि ओले, निसटणारे चेंडू एकेकाला फेकत राहिला. सगळ्यांच्याच हातून सुटत होते, सगळेच हसत होते. माझा भाचाही. पाऊण तासाने त्याच्या हातातून चेंडू सुटायचा थांबला. त्याच्या चुकीचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही. तेव्हापासून कोच म्हटलं की मला मैदानाच्या कडेला ओरडणारा माणूस दिसत नाही, ती बादली दिसते.

शनिवारी सामना होतो आणि मंगळवारी ती बादली येते. या दोहोंच्या मध्ये सोमवार असतो. त्या दिवशी सामन्याचा व्हिडिओ बघतात. ऐंशी मिनिटं, तुकडे तुकडे करून, मागे-पुढे करत. डाव्या कडेला बचावात फट का पडली? तिसरा माणूस साखळी सोडून अर्धा सेकंद आधी पुढे का धावला? त्याला शेजारच्याचा भरवसा वाटेना म्हणून. का वाटेना? दोन आठवड्यांपूर्वी शेजारच्याने पकड सोडली होती, आणि त्यावर कुणी बोललं नव्हतं म्हणून. ज्याला हे दिसतं आणि बघायला आवडतं, त्याला सोमवार आवडतो. जगातली बहुतेक माणसं ज्या दिवसाला कंटाळतात तो दिवस तुमचा मुलगा वाट बघत काढतो. तुम्ही विचारलं होतं, एवढं काय आहे त्यात. त्याने तुम्हाला उत्तर दिलं होतं, ताई.

त्याला नको म्हणू का, या तुमच्या प्रश्नावर माझं मत असं: म्हणू नका. रजा आणि कॉन्ट्रॅक्ट यांचं नीट झालं तर जाऊ द्या. ती दोन्ही झाली नाहीत, तर "या वर्षी नको" म्हणा, "कधीच नको" म्हणू नका.

राहता राहिलं यजमानांचं मौन. पाच वर्षं रात्रपाळी करून त्या माणसाने जी पक्की जमीन तयार केली, तिच्यावरून मुलगा आपणहून उतरतोय, असं त्यांना दिसतंय. ते रागावलेत असं तुम्ही लिहिता. मला ते घाबरलेले वाटतात. त्यांना समजावायला जाऊ नका, आकडे तर मुळीच सांगू नका. मुलाला एवढंच सांगा की येत्या सोमवारी रात्री जेवण झाल्यावर शनिवारच्या सामन्यातल्या फक्त सहा पकडी घरच्या टीव्हीवर लाव. बाबा सोफ्यावर बसलेले असतील, बोलणार नाहीत, पण उठून जाणारही नाहीत. इंजिनिअर माणूस आहे. कुठे काय निखळलं हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. तुम्ही रिमोट मुलाच्या हातात द्या, आणि त्याला जिथं थांबवायचंय तिथं थांबवू द्या.